विहिरीवरची बाईसाहेब

वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मधला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचते. काल्पीकडची वाट. लढाईत हार झालेली. विहिरीपाशी धुळीने माखलेली, पठाणी वेशातली राणी लक्ष्मीबाई येते. तहानेने तोंड सुकलेले. गोडसे लगबगीने पाणी काढायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी कष्ट नकोत. मग स्वतःच मडक्याने पाणी काढून ओंजळीने पिते. आपल्याला काय, अर्धा शेर तांदूळ पुरे, असेही बोलून जाते. अर्धा शेर तांदूळ म्हणजे विधवेचा शिधा! राज्य गेलेल्या बाईने आपला हिशेब मांडला तो या मापाने.

ही ओंजळ अंगावर येते, कारण आधी त्याच गोडश्यांनी झाशीच्या वाड्यातले तिचे निवांत, सुगंधी पाण्याचे स्नान हौसेने वर्णिलेले असते. तिथले पाणी आणि इथले पाणी यांची तुलना ते कुठेच करत नाहीत. मडके तेवढे दाखवतात. भिक्षुकाची नजर आहे ती. कोणी काय दिले, कसे वागवले, हे तिला बरोबर दिसते.

आयर्लंडच्या पार्नेलसारख्या राजकीय नेत्याचे चरित्र लिहायला त्याची संसदेतली भाषणे हाताशी असतात. राणीची भाषणे कोणी टिपली नाहीत. म्हणून ही चार वाक्ये मला लाखमोलाची वाटतात, मग ती स्मरणातून, १८८३ च्या सुमारास लिहिलेली का असेनात.

पुस्तक १९०७ साली छापले चिंतामणराव वैद्यांनी. ते ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश होते, हे आम्हा ग्वाल्हेरकरांना विशेष. त्यांनी मजकुरावर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखित दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापले. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरच्या लढाईत पडली. तेव्हा गोडसे इथे नव्हते. तो शेवट त्यांनी ऐकून लिहिला, आणि तिथे मडक्यासारखी एकही वस्तू नाही. फूलबागेत घोड्यावर तलवार उगारलेल्या तिच्या पुतळ्यासमोर मी उभी राहते, तेव्हा माझी नजर तलवारीवरून तिच्या दुसऱ्या हाताकडे जाते.