स्मरणाचे वाङ्मयरूप : दिवंगत पारलिंगी स्त्रिया आणि मराठीतील आठवणींची परंपरा

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ सापडला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यावरील लेखाची चिकित्सा केली. या पुरुषाने कोणते युद्ध केले, कोणता प्रदेश राखला, हे स्तंभ सांगत नाही. नाव आणि पद एवढेच त्या दगडाने शतकानुशतके सांभाळले. त्याच पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर इंदिरासागर धरण उभे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी झाली, आणि पुढे जलाशय भरत गेला तसतशी काठची गावे उठली. गाव उठते तेव्हा घरे, शेते व झाडे यांची मोजणी होते. ज्यांची आठवण गावात असते पण ज्यांचे घर गावात नसते, अशी माणसे या मोजणीत येत नाहीत. पारलिंगी स्त्रिया बहुधा याच वर्गात पडतात. अशा स्त्रिया मरण पावल्यावर त्यांचे स्मरण कोणत्या वाङ्मयरूपात टिकू शकेल, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम सरकारी नोंदीचा विचार करू. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने घरात झालेल्या मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर आणि रुग्णालयातील मृत्यूची तेथील प्रमुखावर टाकली. म्हणजे मृताचे नाव मृत स्वतः सांगत नाही. ते दुसरा कोणी सांगतो. ज्या स्त्रीने विसाव्या वर्षी घर सोडले, नवे नाव घेतले आणि गुरूच्या घरी चाळीस वर्षे काढली, तिचे जन्मघरचे नातेवाईक शेवटच्या दिवशी आले, तर तिने टाकून दिलेले नाव पुन्हा तिच्यावर चढण्यास काही अडचण पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयात आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. पण तो बजावण्यास माणूस जिवंत असावा लागतो.

जुन्या दप्तरांची स्थिती याहून विचित्र आहे. मैनपुरी जिल्ह्यात १८५२ साली भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. जेसिका हिंची यांनी वसाहतकालीन हिजड्यांवरील आपल्या २०१९ च्या ग्रंथात हे प्रकरण उलगडले आहे. खून झाला म्हणून खटला झाला आणि खटला झाला म्हणून भूराचे नाव उरले. इंग्रज अधिकाऱ्यांनी या मृत्यूचा उपयोग मृताच्या बाजूने केला नाही. साऱ्या हिजडा समाजाविरुद्धच्या युक्तिवादात तो वापरला गेला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात त्यांची नोंदपुस्तके ठेवण्याची तरतूद झाली. मराठी मुलखातील कागद काहीसे निराळे बोलतात. मराठी राजवटीत हिजड्यांना काही ठिकाणी हक्क व इनामे होती आणि ती गुरूकडून शिष्येकडे जात. पुढे कंपनी सरकारने असे हक्क चालू ठेवण्यास नकार दिला. येथे मृत्यू हा गुन्ह्याचा नव्हे, तर वारशाचा विषय आहे, आणि वारशाच्या निमित्ताने का होईना, ‘ही अमुकीची शिष्या’ हे नाते मान्य झालेले दिसते.

पाश्चात्त्य देशांत या स्मरणाला एक ठराविक रूप आले आहे. २८ नोव्हेंबर १९९८ रोजी अमेरिकेत बॉस्टन शहरात रिटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा खून झाला. वृत्तपत्रांनी तिला पुरुषवाचक शब्दांनी संबोधले. पुढील वर्षापासून तिच्या निमित्ताने स्मरणदिन सुरू झाला व तो २० नोव्हेंबरला पाळला जाऊ लागला. त्यात मारल्या गेलेल्यांची नावे वाचतात. नामावलीला कमी लेखण्याचे कारण नाही; जेथे नावच हिरावले जाते तेथे नावाचा उच्चार हे मोठे कार्य आहे. छायास्तंभानेही याहून अधिक काय केले? परंतु या यादीत येण्याची अट खून ही आहे. जी ज्वराने गेली, जी म्हातारपणी गुरूच्या ओसरीवर गेली, तिला यादीत जागा नाही. आणि जिला जागा मिळाली तिच्याविषयी ती कशी मेली एवढेच आपणांस कळते.

मराठी लोकमानसाने तर या रिकाम्या जागेत एक दंतकथा बसविली आहे. हिजड्याची प्रेतयात्रा रात्री निघते, प्रेताला चपलांनी मारतात, ही ती कथा. साक्षीदार मात्र ऐकीव असतो. त्या समाजातील अनेकांनी ती जाहीरपणे नाकारली, तरी ती मागे पडत नाही. माझ्या मते तिचे आकर्षण उघड आहे : ज्या व्यक्तीविषयी काहीच ठाऊक नसते, तिच्या मरणाविषयी काहीतरी सनसनाटी ठाऊक असल्याचे समाधान ती देते.

ललित वाङ्मयाकडे वळले तर राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ने जोगत्याचे जीवन मराठी कादंबरीत आणले. जोगता आणि पारलिंगी स्त्री या संज्ञा समानार्थी नव्हेत. अभ्यासकांनी त्या एकमेकींत मिसळू नयेत. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे २०१२ चे आत्मकथन महत्त्वाचे खरे, पण आत्मकथनाचा बळकटपणा हीच त्याची मर्यादाही आहे. जी स्वतः सांगू शकते तिचेच ते असते. मृताला आत्मकथन नसते. तिला कोणीतरी आठवणारा लागतो.

असा आठवणारा मराठी गद्याच्या आरंभीच उभा आहे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचले ते चक्रधरांच्या सहवासातील माणसांना गाठून, विचारून, पडताळून. त्यात स्वामी कोठे निजले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, अशा बारीक गोष्टी आहेत. नीळभट्ट भांडारेकार हा तर भंडाऱ्याचाच. आठवणीत मतभेद आढळला तर महानुभाव परंपरेने तो पुसला नाही. ‘वासना’ म्हणून सांगणाऱ्याच्या नावासह जवळ ठेवला. धाडीत ग्रंथ हरवल्यावर हिराइसेच्या स्मरणशक्तीने तो सावरला, असे ही परंपरा सांगते. हिजडा समाजात गुरू-शिष्या हे नाते आधीच सिद्ध आहे. म्हणजे साक्षीदार तयार आहेत, संकलक तेवढा नाही.

येथे आक्षेप निघेल की लीळाचरित्र हे भक्तांचे वाङ्मय आहे. आक्षेप रास्त आहे. गुरूची सत्ता, शिष्येच्या कमाईवरील तिचा हक्क, घराण्यांतील तंटे, हे सारे आठवणीला रंग देतात. म्हणूनच वासनांची पद्धत घ्यावी, भक्ती घेण्याची गरज नाही. आईला घरातून गेलेला मुलगा आठवतो, शिष्येला गुरू आठवते, दाराशी नाचताना पाहणाऱ्या शेजारणीला तिचा आवाज आठवतो. तिन्ही पाठ लिहावेत, सांगणाऱ्याचे नातेही लिहावे. लीळेच्या शीर्षकी मात्र तिने घेतलेलेच नाव असावे. आईचे नाव पाठभेदात यावे. हा निर्णय संपादकाने आपल्या शिरावर घ्यावा, कारण शीर्षकात दोन्ही नावे समान मानणे ही तटस्थता नव्हे.

गोसीखुर्दच्या जलाशयाने उठविलेल्या गावांतील माणसे आता निरनिराळ्या पुनर्वसित वसाहतींत पांगली आहेत. बाळ झाले की ओवाळणी घेण्यास कोण येत असे, ती कोठून येई, कोणत्या घरी हक्काने पाणी मागे, कोणाशी तिचे वाजले होते, आणि एका वर्षी ती का आली नाही, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या त्या वसाहतींत असतील. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने ती कशी मेली हा प्रश्न शेवटी ठेवावा. वेळ संपला तर तो राहून गेला तरी चालेल.