तक्ता आणि रुमाल : अभिलेखागारातील विदाविश्लेषकाच्या वाचनाविषयी

ऐतिहासिक अभिलेखागारात काम करणाऱ्या विदाविश्लेषकाकडे साहित्यसमीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. तो मोजणी करतो, अर्थ लावत नाही, अशी एक समजूत त्यामागे आहे. कागद अन्य कोणी वाचावेत, त्यांचे लिप्यंतर अन्य कोणी करावे आणि विश्लेषकाने ते रकान्यांत मांडून बेरजा कराव्यात, अशी ही श्रमविभागणी आहे. फ्रांको मोरेत्ती यांनी २००० साली ‘दूरस्थ वाचना’ची संकल्पना मांडल्यापासून मोजणी हाही वाचनाचाच एक प्रकार आहे, हे साहित्यसिद्धान्ताच्या क्षेत्रात तत्त्वतः मान्य झाले. परंतु मोरेत्ती यांच्या मोजणीचे एकक प्रायः कादंबरी हे होते, आणि मुद्रित कादंबरीला शीर्षक, लेखक व प्रकाशनवर्ष असते. दप्तरातील कागदाला यांपैकी काहीही निश्चितपणे असेलच असे नाही. तेथे रकाना आधीपासून तयार नसतो, तो पाडावा लागतो. रकाना पाडणे ही निर्वचनाची कृती असेल, तर तिची चिकित्सा कोणत्या निकषांवर करावयाची, हा येथे विचारात घेण्याचा प्रश्न आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. विश्लेषक ज्याला कच्ची सामग्री समजतो ती येथे मुळात कच्ची नाही. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात रोजच्या नोंदी रोजकीर्दीत होत. विविध खात्यांचे हिशेब एकबेरीज दप्तरात येत, तेथे जमा, खर्च व शिल्लक यांचे वर्गवार तर्जुमे तयार होत आणि बाबवार खतावण्या घातल्या जात. म्हणजे वर्गीकरण, संक्षेप आणि बेरीज या तिन्ही क्रिया अठराव्या शतकातील कारकुनाने आधीच उरकल्या होत्या. ‘तर्जुमा’ या शब्दाचा भाषांतर हा अर्थही येथे दुर्लक्षिण्याजोगा नाही. घटनेचे नोंदीत आणि नोंदीचे बाबीत झालेले ते भाषांतरच होते. आजचा विश्लेषक त्या भाषांतराचे पुन्हा एक भाषांतर करतो. त्याचा खरा पूर्वसूरी संख्याशास्त्रज्ञ नसून फडावर बसलेला कारकून आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या दोघांच्या मध्ये संपादक उभा आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशींतून उतारे निवडले. त्यांची प्रस्तावना म्हणून १९०० साली लिहिलेल्या निबंधात न्या. रानडे यांनी या नोंदींचे महत्त्व नेमके ओळखले होते. बखरी लढाया आणि राजकारण सांगतात, तर रोजनिशी लोकांचे जीवन दाखविते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. सामाजिक व आर्थिक विषयांना त्यांत स्थान असले, तरी त्या निवडीचा मुख्य ओढा राजकीय पत्रव्यवहाराकडे होता. परिणामी हिशेबी कागदांचा फार मोठा भाग रुमालांतच बांधलेला राहिला. केवळ मुद्रित खंडांवरून तक्ता तयार करणारा विश्लेषक अठराव्या शतकातील समाज मोजत नाही, विसाव्या शतकातील संपादकीय अभिरुची मोजतो. मिशेल-रॉल्फ ट्रुयो यांनी १९९५ च्या ‘सायलेन्सिंग द पास्ट’ या ग्रंथात म्हटले आहे, की इतिहासातील मौन चार टप्प्यांवर शिरते : साधने निर्माण होताना, ती दप्तरात जमा होताना, त्यांतून कथन रचले जाताना आणि त्या कथनाला महत्त्व दिले जाताना. संगणकीय तक्ता हा या मालिकेतला आणखी एक टप्पा मानावा लागेल.

सर्वांत निरुपद्रवी वाटणारा रकाना तारखेचा. मराठी कागदांतील शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिला जातो. ‘सबा खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५७. हे वर्ष मृग नक्षत्राबरोबर पालटते, त्यामुळे ते १७५६ व १७५७ या दोन इसवी सनांत विभागलेले असते. विश्लेषकाने रकान्यात नुसते १७५६ लिहिले, की पुढील वर्षाच्या वसंतातील घटना मागे सरकतात आणि आलेखावरील चढ-उतार जागा बदलतात. खाजगी पत्रांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांत अनेकदा तिथी किंवा चंद्र असतो, साल नसतेच. ते साल संपादकाने मजकुरावरून अनुमानिलेले असते. वि. का. राजवाडे यांच्या काळापासून कालनिर्णयाचे वाद मराठी इतिहाससंशोधनात मोठ्या निकराने झाले. तक्त्यात मात्र कागदावर लिहिलेले साल आणि विद्वानाने ठरविलेले साल एकाच टंकात, एकाच अधिकाराने उभे राहते. वादाचा मागमूसही उरत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही, शब्द सलग लिहिले जातात. म्हणून व्यक्तिनामांच्या रकान्यातही हीच गत होते. दोन नोंदींतील एकच नाव एकाच व्यक्तीचे आहे काय, हा निर्णय संगणक देत नाही. तो कोणी तरी आधी दिलेला असतो.

या प्रश्नाचे नैतिक गांभीर्य कुणबिणींच्या नोंदींपाशी स्पष्ट होते. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. सरकारी कोठ्यांत, पागांत आणि किल्ल्यांवर त्या कामाला असत. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला शिक्षा म्हणून कुणबीण केले जाई. हिरोशी फुकाझावा, उमा चक्रवर्ती, सुमित गुहा यांच्या अभ्यासांतून या संस्थेचे स्वरूप पुढे आले आहे. आता अशी एक स्त्री तक्त्यात कोठे बसवावी? शिक्षेचा कागद न्यायाच्या वर्गात जाईल, खरेदीची नोंद खर्चात, शिधा कोठीच्या हिशेबात. कारकुनाच्या बाबी जशाच्या तशा स्वीकारल्या, तर ती तीन तक्त्यांत विखुरते आणि एकाही तक्त्यात व्यक्ती म्हणून येत नाही. उलट ‘व्यक्ती’ हा रकाना पाडून तीन नोंदी जोडल्या, तर पुरेशा पुराव्यावाचून तिला एक चरित्र बहाल केल्याचा दोष येतो. पहिल्या पर्यायात कारकुनाची नजर टिकते, दुसऱ्यात विश्लेषकाची सदिच्छा पुराव्याची जागा घेते. दोन्ही निर्णय निर्वचनात्मक आहेत. तटस्थ असा तिसरा निर्णय उपलब्ध नाही.

हाच पेच अन्यत्र फार मोठ्या प्रमाणावर अनुभवाला आला आहे. अटलांटिकपार गुलामांच्या व्यापाराची विदा १९९९ साली तबकडीवर आणि २००८ साली महाजालावर प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ३६,००० सफरींची नोंद आहे. तिच्या आधारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांवर चढविली गेली आणि १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरली, असा अंदाज केला गेला. या व्यापाराच्या व्याप्तीविषयीची ढोबळ अनुमाने या कामाने मागे टाकली. परंतु तक्त्यातील ओळ ही सफरीची आहे, माणसाची नाही, कारण जहाजाचे कागद सफरीचे होते. मुक्त केलेल्या ९१,००० हून अधिक आफ्रिकनांच्या नावांची स्वतंत्र विदा पुढे उभी करावी लागली, ती या उणिवेमुळेच. ज्यांच्याविषयी कागदात जवळजवळ काहीच शिल्लक नाही, त्यांची कथा दुसऱ्यांदा हिंसा न करता कशी सांगावी, असा प्रश्न सैदिया हार्टमन यांनी २००८ च्या निबंधात उपस्थित केला. तो कथनकाराइतकाच तक्ता करणाऱ्यालाही लागू पडतो.

यावरून मोजणीच त्याज्य ठरवावी, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. एकट्या कागदाच्या तन्मय वाचनालाही मर्यादा आहेत. एखादी ठसठशीत कैफियत वाचकाला जिंकते आणि अपवाद हाच नियम भासू लागतो. एखाद्या प्रांतातील सूट-तहकुबीच्या शंभर नीरस नोंदी शेजारी ठेवल्यावरच दुष्काळाची व्याप्ती दिसते. ती त्यांपैकी कोणत्याही एका नोंदीत लिहिलेली नसते. मोजणी जे दाखविते ते अन्य मार्गाने दिसत नाही. आक्षेप आहे तो मोजणीपूर्वीचे निर्णय लपविण्याला.

जोहॅना ड्रकर यांनी २०११ साली असा मुद्दा मांडला, की विदा ‘दिलेली’ नसते, ती ‘घेतलेली’ असते. मराठीतील ‘विदा’ या शब्दात तर ‘विद्’ धातू ऐकू येतो. तो सामग्रीला आगाऊच ज्ञानाची प्रतिष्ठा देऊन टाकतो. या प्रतिष्ठेला आवर घालण्याचे साधन मराठी विद्याव्यवहाराला अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठ वर येतो आणि पाठभेद त्याच पृष्ठावर तळाशी राहतात. संपादक निर्णय देतो, परंतु त्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याची सामग्रीही वाचकाच्या हाती ठेवतो. अभिलेखागारातील तक्त्याला हाच निकष लावला पाहिजे. अनुमानित साल आणि लिखित साल यांचे रकाने वेगळे हवेत. मूळ शब्द आणि विश्लेषकाने दिलेला वर्ग शेजारी शेजारी हवेत. दोन नोंदी एका व्यक्तीच्या मानल्या असतील, तर कोणत्या आधारावर आणि किती खात्रीने, हे त्याच ओळीत सांगितलेले हवे. रिकामा रकाना ‘नाही’ असे सांगतो की ‘कागद फाटला आहे’ असे, हेही स्पष्ट हवे.

ही शिस्त पाळली, तर कुणबीण तीन तक्त्यांत विखुरणार नाही आणि खोट्या चरित्रात बंदिस्तही होणार नाही. ती तीन नोंदींच्या मधल्या, अजून सिद्ध न झालेल्या संबंधाच्या रूपाने तक्त्यात राहील, आणि पुढच्या वाचकाला रुमाल पुन्हा सोडणे भाग पडेल. साहित्यकृतीच्या समीक्षेची कसोटी ती वाचकाला संहितेकडे परत पाठविते की नाही, ही असते. विदाविश्लेषकाच्या तक्त्याला याहून वेगळी कसोटी लावण्याचे कारण दिसत नाही.