ज्ञान जोडांत की मांडणीत?

घरात सगळे 'केलं' म्हणत असताना मूल 'करलं' म्हणते. म्हणजे ते नुसती नक्कल करीत नाही. इंग्रजी मुलेही आधी 'केम', मग 'कम्ड' आणि पुढे पुन्हा 'केम' म्हणतात. मग भूतकाळाचा नियम डोक्यात असतो तरी कोणत्या रूपात? नियम कुठेच लिहिलेला नसतो, असे उत्तर डेव्हिड रूमेलहार्ट व जेम्स मॅक्लेलंड यांनी १९८६ मध्ये दिले. 'पॅरलल डिस्ट्रिब्युटेड प्रोसेसिंग' या ग्रंथातील त्यांचे हे प्रकरण आजही वाचावे, पण सावधपणे.

त्यांच्या चेताजालात ४६० घटकांवर क्रियापदाचे मूळ रूप द्यायचे. दुसऱ्या ४६० घटकांवर भूतकाळी रूप उमटते. मधल्या २,११,६०० जोडांची बळे चुकांनुसार थोडीथोडी बदलत जातात. सारे ज्ञान या बळांत विखुरलेले. 'हा पाहा नियम' असे एकही जोड दाखवून म्हणता येत नाही. तरीही जाळ्याने मुलांसारख्याच चुका केल्या! ही कल्पना आम्हांला आजही सुंदर वाटते.

पण त्या चुका आल्या कशा? प्रथम फक्त १० क्रियापदे शिकवली, त्यांतली ८ अनियमित. मग एकदम ४१० ओतली, त्यांतली ३३४ नियमित. जाळे गोंधळेल नाही तर काय! मुलांच्या शब्दसंग्रहात असा एकाएकी बदल होत नाही, हे स्टीव्हन पिंकर व ॲलन प्रिन्स यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले.

त्यांचा दुसरा आक्षेप आम्हांला अधिक मूलगामी वाटतो. प्रारूपात शब्द म्हणजे लागोपाठच्या तीन-तीन ध्वनींच्या (नेमके सांगायचे तर त्यांच्या गुणधर्मांच्या) गटांचा संच. कोणता गट कितीदा आला, याची नोंद नाही. या हिशेबाने आपले 'सळसळ' आणि 'सळसळसळ' एकच ठरतात. शिक्षकांनी फळ्यावर त्रिके मांडून पाहावीत. टपाल पाठवणे या अर्थाच्या 'मेल'चे भूतकाळी रूप जाळ्याने 'मेम्बल्ड' असे केले, यात मग नवल ते काय?

ध्वनी कसे मोडायचे, शब्द कोणत्या टप्प्यांनी द्यायचे, हे ज्ञान लेखकांनी बाहेरून घातले होते. त्यांनी ते लपवले नाही, परंतु निष्कर्ष काढताना श्रेय एकट्या जोडांना दिले, ही आमची तक्रार.

क्रिस्टो किरोव्ह व रायन कॉटरेल यांनी २०१८ मध्ये नव्या धर्तीचे जाळे वापरून यांपैकी बहुतेक आक्षेप दूर होतात असे प्रतिपादन केले. जोडांचे तत्त्व तेच होते. मात्र या जाळ्याला शब्द ध्वनींच्या क्रमाने दिले होते, त्रिकांचा ढीग करून नव्हे.