नावे हरवलेल्यांचे गीत

अमेरिकन लोककवी वुडी गथ्री (१९१२-१९६७) यांचे 'डिपोर्टी', म्हणजे 'हद्दपार', हे गीत आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. तरीही ते येथे विचारार्थ घ्यावे असे आम्हांस वाटते, कारण त्यातील प्रश्न आता आपल्या उंबऱ्याशी आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीजवळ, कारेगाव येथे, बांगलादेशातून येऊन विनापरवाना राहत असल्याच्या आरोपावरून २१ जणांना अटक झाली. काहींपाशी आधार कार्डेही सापडली. ही माणसे आपल्या स्मरणात राहिली ती केवळ एक आकडा म्हणून.

गीताचा जन्मही अशाच एका बातमीतून झाला. २८ जानेवारी १९४८ रोजी मेक्सिकन शेतमजुरांना सीमेकडे परत नेणारे विमान कॅलिफोर्नियात कोसळले. ३२ जण मरण पावले. त्यांत २८ मजूर होते. काही विनापरवाना आलेले, तर काही रीतसर कराराने येऊन मुदत संपलेले. गथ्रींच्या कानी आलेल्या बातमीत विमानातील कर्मचाऱ्यांची नावे होती; मजूर मात्र नुसते 'हद्दपार' होते. कवीने त्यांना नावे दिली, तीही कल्पनेने. येशू आणि मरिया ही त्यांतलीच. फळे खुडणारे हात परत पाठवले जातात आणि फळे कुजतात, हा विरोध कवी आवाज न चढवता मांडतो. सुमारे दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन यांनी त्याला चाल दिली.

आपल्या ऊसपट्ट्यातील वाचकाला हे दुःख परके वाटू नये. बीडकडून तोडणीला येणारी नवरा-बायकोची जोडी आपल्याकडे 'एक कोयता' म्हणूनच मोजली जाते. नाव असते ते मुकादमाच्या वहीत.

परंतु गीताची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ते शोक करते, हिशेब मांडत नाही. कागदपत्रे नसलेला मजूर कमी पैशांत राबतो आणि तक्रार करू शकत नाही. त्यामुळे शेजारच्या मजुराची मजुरीही खाली येते. शेतमजुरांचे कॅथलिक पुढारी सीझर चावेझ यांनीही संप फोडण्यासाठी आणलेल्या अशा मजुरांना कडाडून विरोध केला होता. आपल्या भूमीत कोणी राहावे हे ठरवण्याचा राज्याचा अधिकार आणि बनावट कागदपत्रांची चिंता, दोन्ही खरी आहेत. मात्र परत पाठवणीचा भार सारखा वाटला जात नाही. मजुराचे काम जाते, आणि येण्यासाठी काढलेले कर्ज असेल तर ते त्याच्याच डोक्यावर राहते. त्याच्या स्वस्त श्रमावर नफा मिळवणारा ठेकेदार उद्या दुसरा मजूर शोधतो.

घाईची किंमत तर निरपराधालाही मोजावी लागते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याचे दिसून आल्यावर परत आणावे लागले. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला अमेरिकेने १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला पाठवले, तेव्हा आपण हळहळलो; त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते. तीच हळहळ कारेगावच्या बातमीने आपल्यात जागी झाली का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

१९४८ च्या त्या मजुरांचे दफन फ्रेस्नो येथील होली क्रॉस या कॅथलिक दफनभूमीत एकत्रच झाले. त्यांची खरी नावे कोरलेला दगड तेथे बसला तो २०१३ मध्ये, पासष्ट वर्षांनी. आमच्या मते हे गीत हद्दपारीचा कायदा कसा असावा हे सांगत नाही, आणि तशी अपेक्षाही त्याच्याकडून करू नये. कायदा राबवणाऱ्याने आणि बातमी वाचणाऱ्याने आधी समोरच्याचे नाव व गाव नीट विचारून घ्यावे, एवढे ते मागते. वाचकांनी ते मिळवून अवश्य ऐकावे.