डूलिन: साधं वाजवणं म्हणजे काय?

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं, अटलांटिककाठचं डूलिन. पबमधल्या वादनासाठी आपल्याला हे गाव माहीत असतं, आणि तिथे आपण वेगाला दाद देतो. पण ज्यांच्यामुळे ते नावारूपाला आलं, त्या मिको रसेल (१९१५-१९९४) यांची टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याचा सहा भोकांचा पावा, ऐका. अलंकार मोजके, घाई नाही. त्याला ‘साधं’ म्हणून बाजूला सारणं आम्हाला चुकीचं वाटतं. या धुना मुळात नाचाच्या. मिको श्वासाने लय धरतात, म्हणून पावलाला जागा मिळते. पर्यटकांमुळे धुना जगभर गेल्या, हे चांगलंच झालं. पण गजबजाटात वेगच ऐकू येतो, श्वास नाही. मग सांगा, आपण जपतोय ते नक्की काय?