डेबियनचा इन्स्टॉलर आणि मराठीचा प्रवेश

संगणकावर कार्यप्रणाली बसविणारा इन्स्टॉलर हा वस्तुतः प्रश्नांचा ग्रंथ होय. भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्कचे भाग कसे पाडावयाचे, अशा प्रश्नांच्या क्रमाने तो वापरणाऱ्यास पुढे नेतो. डेबियन ह्या मुक्त-स्रोत प्रणालीच्या इन्स्टॉलरचे मराठी रूपांतर मुंबईच्या सी-डॅक संस्थेतील 'जनभारती' गटाने केले. (नवी मुंबईत खारघर स्थानकासमोर ह्या संस्थेचे एक आवार आहे.) फेब्रुवारी २००९ मध्ये निघालेल्या 'लेनी' आवृत्तीत मराठी ही इन्स्टॉलरची भाषा प्रथमच झाली. अशा कार्याची चर्चा बहुधा प्रतिशब्दांपाशीच थांबते. परंतु येथे मराठीचा प्रवेश शब्दांपेक्षा रचनेवर अधिक अवलंबून होता.

जून २००५ मधील 'सार्ज' आवृत्तीत डेबियनने जुना इन्स्टॉलर टाकून नवा घडविला. त्यात विचारावयाचा प्रश्न आणि तो पडद्यावर मांडणारी यंत्रणा ही परस्परांपासून अलग केली होती. ह्या पृथक्करणाचे महत्त्व एप्रिल २००७ मध्ये दिसून आले. प्रश्नांना हात न लावता 'एट्च' आवृत्तीने त्यांना चित्रमय पडदा दिला. जुन्या अक्षरी पडद्यावर समान रुंदीची घरे असत आणि प्रत्येक अक्षराने आपल्या घरात बसावे अशी अपेक्षा असे. रोमन लिपीला ते सोयीचे. देवनागरीत मात्र 'कि' साठविताना 'क' आधी व वेलांटी मागाहून येते, लिहिताना वेलांटी आधी. रफार तर पुढील अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. घरांच्या जाळ्यात हे साधत नाही. म्हणूनच 'लेनी'च्या ६३ भाषांपैकी १३ भाषा केवळ चित्रमय इन्स्टॉलरमध्येच निवडता येत. मराठी त्यांतलीच, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ आणि नेपाळी ह्याही तिच्या सोबतिणी.

तथापि ह्या नव्या रचनेत एक ठळक विसंगती राहिली. 'लेनी'ची तबकडी संगणकात घालताच प्रथम येणारी यादी इंग्रजीत होती आणि तीत अक्षरी मार्ग वर, चित्रमय मार्ग त्याखाली होता. इंग्रजी न जाणणाऱ्याने पहिलाच पर्याय स्वीकारला, तर पुढच्या भाषांच्या यादीत मराठी त्याच्या दृष्टीसच पडत नसे. ज्याच्यासाठी अनुवादाचा सारा खटाटोप, त्यालाच तो अनुवाद आहे हे कळण्यासाठी एक इंग्रजी ओळ वाचणे भाग होते! पुढील काळात चित्रमय मार्ग यादीत वर आला. यादी मात्र इंग्रजीच राहिली.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. प्रश्नांची वाक्ये इंग्रजीत रचलेली असून त्यांत डिस्कचे वा तिच्या भागाचे नाव आयत्या वेळी भरले जाते. शब्दक्रम बदलण्याची मुभा अनुवादकास आहे. परंतु मराठीत विभक्तिप्रत्यय नामाला जोडून येतो आणि नाम सामान्यरूप धारण करते. इथे ते नाम अनुवादकास ठाऊकच नसते. परिणामी रिकाम्या जागेपुढे 'च्या', 'वर', 'मध्ये' हे प्रत्यय सुटे, निराधार उभे राहतात. डिस्क पुसून जाईल अशी सूचना देणारे वाक्यही ह्यातून सुटत नाही, आणि तेथे वाचकाने अडखळणे परवडणारे नाही. ह्या विद्रूपतेचा ठपका अनुवादकांवर ठेवणे अन्यायाचे ठरेल.

फेडोराने जानेवारी २०१३ मध्ये प्रश्नांची सरळ रांग मोडून, भाषा निवडल्यावर सर्व विषय एकाच पडद्यावर मांडले व कोणता आधी हाताळावा हे वापरणाऱ्यावर सोपविले. हा बदल धाडसी खरा. पण तो क्रमाचा होता, वाक्याचा नव्हे. मराठीची अडचण वाक्याच्या घडणीत आहे. नाव वाक्याबाहेर काढून 'निवडलेली डिस्क' अशा शीर्षकापुढे स्वतंत्र ओळीत लिहिले आणि त्याखाली 'हिच्यावरील सर्व माहिती पुसली जाईल' असे पूर्ण वाक्य ठेवले, तर प्रत्ययाचा प्रश्नच उरत नाही. इंग्रजी मूळ वाक्यही त्याने बिघडत नाही.