ग्रह परप्रकाशी, पण कशावरून?

तारे स्वयंप्रकाशी असतात, ग्रह परप्रकाशी असतात. हा फरक आपण सर्वांनीच पाठ केला आहे आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळवले आहेत. विधान बरोबर आहे. तक्रार आहे ती शिकवण्याच्या रीतीबद्दल. हा माणसाला लागलेला शोध आहे. आपण तो व्याख्या म्हणून सांगतो, आणि मग ‘कशावरून?’ असे विचारायला जागाच उरत नाही.

इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त म्हटले आहे, की पृथ्वी, ग्रह आणि तारे या सर्वांचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळलेला असतो व उरलेला स्वतःच्याच सावलीने काळा असतो. आर्यभट ग्रहांबाबत बरोबर ठरला, ताऱ्यांबाबत चुकला. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ठिपकेच दिसतात; निवाडा करायचा कसा? शुक्रापुरता पुरावा मिळाला तो १६१० च्या अखेरीस, गॅलिलिओने दुर्बिणीतून त्याच्या कला पाहिल्या तेव्हा. (आर्यभटाचे बरोबर तेवढे सांगून त्याचा गौरव करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वर्गात चुकलेले अर्धे जास्त उपयोगी पडते.)

आता सूर्यमालेचा नेहमीचा तक्ता पाहा. सूर्य डावीकडे, ग्रह ओळीने उजवीकडे, आणि प्रत्येक ग्रह समोरून पूर्ण उजळलेला! जणू प्रकाश वर्गातल्या दिव्याचाच पडला आहे.

दुसरी अडचण ‘परावर्तन’ या शब्दाची. तो मुलांना आरशाच्या धड्यात भेटलेला असतो, त्यामुळे ग्रह म्हणजे गोल आरसे अशी समजूत होते. आमच्या विष्णुपुरीला उन्हाची काही वाण नाही. सकाळच्या उन्हात घासलेला स्टीलचा तांब्या आणि मातीचे मडके शेजारी ठेवावे. तांब्यावर सूर्याचा झगझगीत ठिपका दिसतो. मडक्याची सूर्याकडची बाजू मात्र सगळी उजळते. मडक्याभोवती फिरत गेले, की त्या उजेडाची कधी कोर दिसते, कधी अर्धे बिंब, कधी पूर्ण. ग्रह तांब्यासारखे असते तर शुक्राच्या कला दिसल्याच नसत्या. भास्कराचार्यांनीही ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त चंद्राला उन्हातल्या घटाचीच उपमा दिली आहे.

वद्य अष्टमीला सकाळी चंद्र पश्चिमेकडे असतो. उन्हात उभे राहून, हात लांब करून मातीची गोळी चंद्राशेजारी धरली, तर दोघांची कला सारखीच दिसते. याला एक पैसा लागत नाही.

परत येणारा प्रकाशही सारखा नसतो. ढगांनी झाकलेला शुक्र सुमारे तीन-चतुर्थांश प्रकाश परत पाठवतो. चंद्र जेमतेम आठवा हिस्सा, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतकाच.

एखादे मूल विचारील, गुरूची कोर का दिसत नाही? गुरूवरून पाहिले तर पृथ्वी सूर्यापासून १२ अंशांपलीकडे कधी जातच नाही; म्हणून आपल्याला त्याची उजळ बाजूच दिसते. तिथे पुरावा वेगळा आहे. गुरूच्या चंद्रांच्या काळ्या सावल्या त्याच्या बिंबावरून सरकताना दुर्बिणीतून दिसतात. मात्र उष्णतेच्या रूपात गुरू सूर्याकडून शोषतो त्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा बाहेर टाकतो. तेव्हा ‘परप्रकाशी’ हे दृश्य प्रकाशापुरतेच म्हणावे.

नवा तक्ता मागवायला नको. आहे त्याच तक्त्यावर प्रत्येक ग्रहाची सूर्यापलीकडची बाजू मुलांकडून काळ्या पेन्सिलीने रंगवून घ्यावी. शनीपाशी आल्यावर त्याची सावली कड्यांवर कुठे पडेल यावरून वाद होईल. तो होऊ द्यावा.